मागचं टायर

रतिलाल महाजन सरांनी मोटारसायकल घेतली एका मिनिटात. तिचं मागचं टायर ठरवायला मात्र त्यांना सव्वादोन महिने पुरले नाहीत.

सर धरणगावच्या हायस्कुलात शास्त्र शिकवत. चाळिशीच्या अलीकडचे, सडपातळ, अतिशय सावध गृहस्थ. वर्गात पाणी उकळायचं असलं तरी ते आधी मुलांना दोन पावलं मागे सरकवत. अशा माणसाने साडेतीनशे सीसीची, दोन सिलिंडरची, शर्यतीच्या जातीची मोटारसायकल घ्यावी याचं सगळ्या गावाला नवल वाटलं. गाडी होती जिनिंग फॅक्टरीच्या मॅनेजरच्या मुलाची. ती सुरू झाली की सरांच्या शेजारच्या उखर्डूनानांच्या गोठ्यातल्या बसलेल्या म्हशी उभ्या राहत. मुलगा पुण्याला निघाला होता आणि गाडी विकायची होती. सरांनी त्याला एकच प्रश्न विचारला, "धुळ्याला किती वेळात पोचते?"

"एका तासात," मुलगा म्हणाला.

"घेतो," सर म्हणाले.

यामागे कारण होतं. दोन वर्षांपूर्वी सरांच्या बायकोला, लताबाईंना, धुळे जिल्हा परिषदेतून मुलाखतीचं बोलावणं आलं होतं. अंगणवाड्यांची देखरेख करणाऱ्या मुख्यसेविकेची जागा. लताबाई बी.ए. झालेल्या, हुशार, गावातल्या बायकांत वावरणाऱ्या. नोकरी त्यांच्यासाठीच काढल्यासारखी होती. पण त्या दिवशी एरंडोलच्या अलीकडे एसटी जी बंद पडली ती पडलीच. दुसरी मिळेपर्यंत दहा वाजले, आणि लताबाई धुळ्याला पोचल्या तेव्हा शिपाई खुर्च्या आत नेत होता. घरी आल्यावर त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. कागदांची फाईल त्यांनी ट्रंकेत तळाशी ठेवली, वर गोधड्या घातल्या आणि भाकरी टाकायला बसल्या. सरांच्या पाठीवर त्या न बोलण्याचा भार दोन वर्षं होता.

आता पुन्हा जागा निघाल्या होत्या. पुन्हा बोलावणं आलं होतं. डिसेंबरात लताबाईंचं वय अटीच्या पलीकडे जाणार होतं, म्हणजे ही संधी शेवटचीच. मुलाखत अडीच महिन्यांनी, एका सोमवारी सकाळी अकरा वाजता होती.

गाडी उत्तम होती. पुढचं टायरही चांगलं होतं. मागचं मात्र मुलाने पुण्याची स्वप्नं बघत इतकं झिजवलं होतं की त्यावरून हात फिरवला तर पाटीवरून फिरवल्यासारखा वाटे. ते बदलायचं एवढंच काम होतं. त्यासाठी सर एका रविवारी जळगावला बन्सीलालशेठच्या टायरच्या दुकानात गेले.

बन्सीलालशेठनी दोन टायर समोर ठेवली. "सर, हे कडक रबराचं. वीस हजार किलोमीटर बघायला नको. आणि हे मऊ. मुंबईहून मागवलंय, जोरात पळणाऱ्या गाड्यांसाठी. आठ-दहा हजारात संपेल, पण रस्ता सोडणार नाही."

"म्हणजे कडक टायर रस्ता सोडतं?"

"सोडतं असं नाही. ओल्यात, वळणावर, एकदम ब्रेक मारला तर जरा सरकतं."

"जरा म्हणजे किती?"

शेठ पंचवीस वर्षं टायर विकत होते, पण हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नव्हता. त्यांनी हवेत एक वीत दाखवली. सरांचा चेहरा बघून ती अर्धी केली. सरांनी खिशातली वही काढून 'अर्धी वीत' असं लिहून घेतलं आणि विचार करून सांगतो म्हणून ते घरी आले.

पुढच्या रविवारी ते पुन्हा गेले. मऊ टायर उन्हात तापलं तर आणखी मऊ होतं का, हे विचारायचं राहिलं होतं. त्याच्या पुढच्या रविवारी नक्षीच्या खाचांची खोली मोजायला पट्टी घेऊन गेले. असे सहा रविवार गेल्यावर शेठनी दोन्ही टायर स्वतः उचलून धरणगावच्या गाडीच्या टपावर चढवली.

"दोन्ही घरी न्या सर. बघा, मोजा, उशाला घेऊन झोपा. पण एक ठेवा आणि एक मला परत आणून द्या. रविवारी मलाही जरा घरी बसायचंय."

टायर घरी आली आणि खऱ्या अर्थाने तुलना सुरू झाली. सरांनी शाळेच्या प्रयोगशाळेतून स्प्रिंगचा काटा आणला. टायर फिरू नये म्हणून ते आडव्या काठीला करकचून बांधलं, वर लताबाईंचा पाटा ठेवला आणि काट्याचा हूक अडकवून ते अंगणात ओढायला सुरुवात केली. कोरड्या फरशीवर, ओल्या फरशीवर, रेतीवर. प्रत्येक वेळी काट्यावरचा आकडा वहीत जाई. कोरड्यात मऊ टायर सरस ठरलं. ओल्यात तर फारच सरस. सारवलेल्या ओल्या अंगणात मात्र दोन्ही सारख्याच आनंदाने घसरली.

उखर्डूनाना तंबाखू मळत कुंपणाशी उभे होते. "मास्तर, काय ओढी ऱ्हायनात?"

"घर्षण मोजतोय, नाना."

"मंग बैल कोठे शे?"

सरांनी त्यांना दोन्ही टायरमधला फरक समजावून सांगितला. नानांनी तो मन लावून ऐकला. मग म्हणाले, "मन्ही बैलगाडीले टायर शे, पंधरा वरीस झायात. काहीच व्हयनं नई. कडकच ल्या."

"पण नाना, तुमची बैलगाडी वळणावर वेगात जात नाही."

"तुम्हीबी जातस नई," नाना म्हणाले आणि गोठ्याकडे गेले.

शिक्षकांच्या खोलीतही दोन पक्ष पडले. ड्रिलचे सर मऊच्या बाजूचे, हिशेबाचे कडकच्या. मधल्या सुट्टीत चहा थंड होई. लताबाई या सगळ्यात काही बोलत नव्हत्या. त्या संध्याकाळी ट्रंकेतून काढलेली फाईल वाचत बसत, आणि पाटा हवा असला की अंगणात येऊन टायरवरून उचलून नेत.

मुलाखतीच्या आधीच्या शुक्रवारी त्या पहिल्यांदा बोलल्या. "अहो, टायर ठरत नसेल तर राहू द्या. मी एसटीनं जाते."

त्या चिडून म्हणाल्या असत्या तर सरांना बरं वाटलं असतं. पण त्या अगदी सहज म्हणाल्या, जसं 'मीठ संपलंय' म्हणावं तसं.

"एसटीनं नको," सर म्हणाले. "रविवारी टायर बसवतो."

रविवारी दुपारी सर दोन्ही टायर समोर घेऊन ओट्यावर बसले. वही भरली होती, आकडे तोंडपाठ होते, पण वीस हजार किलोमीटर या तीन शब्दांचं वजनही काही कमी नव्हतं. मग त्यांना जे कुणालाच कधी सांगितलं नव्हतं ते आठवलं. लग्नाच्या पहिल्या वर्षी ते लताबाईंना सायकलच्या कॅरिअरवर बसवून रेल्वे फाटकाकडून येत होते. रस्ता ओला होता. मध्ये शेळी आली, त्यांनी ब्रेक दाबला आणि सायकल सरकली. किती सरकली ते त्या वेळी कोणी मोजलं नाही, पण लताबाईंचं मनगट दीड महिना प्लास्टरमध्ये होतं. माहेरी त्यांनी सांगितलं, विहिरीवर पाय घसरला. सायकलचं टायर गुळगुळीत झालेलं सरांना आठ दिवस आधीपासून माहीत होतं. बदलू, बघू, असं चाललं होतं.

सरांनी मऊ टायर उचललं आणि ते चिंधाच्या दुकानाकडे निघाले.

चिंधा स्टेशनच्या रस्त्यावर पंक्चर काढायचा. सरांचं टायर ठरलं हे ऐकून त्याने हातातलं काम बाजूला ठेवलं आणि मागचं चाक खोलायला घेतलं. सर शेजारी उकिडवे बसून टायरवरचा बाण कोणत्या बाजूला हवा याचा विचार करत होते. बाण पुढे फिरणाऱ्या दिशेला हवा हे त्यांना माहीत होतं, पण चाक खोलून आडवं ठेवलं की पुढे कोणतं हे त्यांना ठरवता येईना.

"सर, ट्यूब?" चिंधाने विचारलं.

"आहे ना," सर बाणाकडे बघत म्हणाले.

चिंधाने दोन क्षण वाट पाहिली. मग खांदे उडवून जुनी ट्यूब झटकली, पावडर लावली आणि नव्या टायरात घातली.

सोमवारी सकाळी साडेसात वाजता दोघं निघाले. लताबाईंनी लग्नातली नव्हे पण त्याखालोखालची मोरपंखी साडी नेसली होती, फाईल पिशवीत घालून छातीशी धरली होती. नानांच्या म्हशी नेहमीप्रमाणे उभ्या राहिल्या. नाना हात वर करून म्हणाले, "लताबाई, नोकरी लईसनच या."

बन्सीलालशेठनी बजावलं होतं की नवं टायर अंगानं तुळतुळीत असतं, पहिले शंभर किलोमीटर गाडी दामटू नका. सरांनी हे मनावर घेतलं होतं. ताशी एकशेचाळीस पळण्यासाठी जन्माला आलेली ती गाडी त्यांनी तीसवर धरली. इंजिन मधूनमधून आचके देई, जणू विचारत होतं की काही चुकलं का. एरंडोलच्या अलीकडे दुधाचे कॅन लावलेला एक सायकलवाला त्यांच्या बरोबरीने आला, त्याने ओळख नसताना नमस्कार केला आणि तो पुढे निघून गेला. दर दहा किलोमीटरला सर थांबत, मागे जात, टायरला हात लावून तापमान बघत.

"ठीक आहे?" लताबाई विचारत.

"उत्तम आहे," सर सांगत.

पारोळा पाच किलोमीटर राहिलं असताना मागून फुस्स असा लांबलचक आवाज आला. गाडीचं बूड डावी-उजवीकडे हेलकावलं. सरांनी ती कशीबशी कडेच्या निंबाखाली आणली. लताबाई उतरल्या. सर गुडघ्यांवर बसले आणि चाक हाताने फिरवत इंचाइंचाने टायर पाहू लागले. काटा नव्हता, खिळा नव्हता, साधा ओरखडाही नव्हता.

"टायरला काहीही झालेलं नाही," ते म्हणाले.

"मग हवा कुठं गेली?"

सरांनी हात झटकले. त्यांनी घड्याळ पाहिलं. नऊ वाजायला आले होते. गाडी दीडशे किलोची. पारोळ्यापर्यंत ढकलत सव्वा तास. पंक्चर अर्धा तास. पुढे धुळ्याचे छत्तीस किलोमीटर, तेही तीसच्या वेगाने. त्यांनी मनात बेरीज केली, मग उलटीकडून केली, आणि दोन्ही वेळा बारा वाजत होते. ते गाडीच्या सीटवर हात ठेवून उभे राहिले. लताबाईंनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि रस्त्याकडे बघत त्या गप्प राहिल्या. दोन वर्षांपूर्वीचंच ते गप्प राहणं सरांनी ओळखलं.

तेवढ्यात मागून केळीच्या घडांनी भरलेला एक ट्रक आला आणि कोणी हात न करताच थांबला. ड्रायव्हरने डोकं बाहेर काढलं. रावेरकडचा शालिग्राम नावाचा पोक्त माणूस होता. शेजारी त्याची म्हातारी आई, बेबाबाई, मांडीवर बोचकं घेऊन बसली होती. ती धुळ्याला लेकीकडे चालली होती.

"काय झालं भाऊ? कुठं जायचं?"

"धुळ्याला. यांची अकराला मुलाखत आहे."

"मग बसवा त्यांना. मी दहाला धुळ्यात असतो."

"बस माय, इकडं सरकून बस," बेबाबाई बोचकं उचलत म्हणाल्या.

लताबाईंनी सरांकडे पाहिलं. सर मात्र ट्रककडे पाहत होते. सवयच लागली होती त्यांना. ट्रकला सहा टायर होती आणि सहाही वेगवेगळ्या घराण्यांतली. पुढचं डावं गोटीसारखं गुळगुळीत. मागच्या जोडीतल्या एकाचं रबर संपून आतले धागे दिसत होते, आणि त्याच्या शेजारच्याला बाजूने चामड्याचा तुकडा शिवल्यासारखं काहीतरी लावलेलं होतं.

"तुमची टायर..." सरांच्या तोंडून निघालं.

शालिग्रामने शांतपणे त्यांच्याकडे पाहिलं. "मास्तर दिसता तुम्ही. टायर पाहत बसाल त बाई इथंच राहून जाईन."

सरांनी एकदा त्या धाग्यांकडे पाहिलं, एकदा बायकोकडे. मग त्यांनी तिच्या हातातली पिशवी घेतली, ती चढल्यावर वर दिली आणि म्हणाले, "जा तू. मी मागून येतो."

ट्रक हलला. गोटीसारखं टायर फिरू लागलं तेव्हा सरांनी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा ट्रक वळणापलीकडे गेला होता.

पारोळ्यापर्यंत गाडी ढकलताना त्यांचा शर्ट पिळून निघाला. अडत बाजाराकडे जाणाऱ्या बैलगाड्या त्यांना ओलांडून जात होत्या. पंक्चरवाला म्हातारा होता. त्याने टायर उचकटलं, त्यावरून प्रेमाने बोटं फिरवली. "झकास टायर शे. या रस्तावर असं मी दखेल नई." मग त्याने आत हात घालून ट्यूब बाहेर ओढली आणि ती उजेडात धरली. ट्यूब मुळात कोणत्या रंगाची होती ते कळत नव्हतं. ठिगळं होती चौदा. त्यातली दोन ठिगळांवरची ठिगळं होती, आणि वरचं एक सुटून आलं होतं.

"मास्तर, कोट नवा शिवा अन् आतली बंडी फाटेल ठेवी?"

सर पायरीवर बसले. वहीची साठ पानं त्यांच्या डोळ्यांपुढून गेली. ऊन, पाऊस, रेती, शेण, अर्धी वीत. त्यात ट्यूब हा शब्द कुठेच नव्हता. एका माणसाने तो उच्चारला होता, आणि त्याला आपण काय उत्तर दिलं हे त्यांना आता लख्ख आठवलं.

त्या मापाची नवी ट्यूब पारोळ्यात मिळेना. पंधरावं ठिगळ लावून सर धुळ्याला पोचले तेव्हा एक वाजून गेला होता. जिल्हा परिषदेच्या आवारात चिंचेखाली लताबाई पारावर बसाव्यात तशा एका दगडावर बसून कागदातली भजी खात होत्या. मोरपंखी साडीवर कमरेपासून खाली काळपट डाग पडले होते.

सरांना काय विचारावं कळेना. "पोचलीस?" असं त्यांनी विचारलं.

"सव्वादहालाच. आत जायला दुसरा नंबर लागला."

"आणि साडी?"

"केळीचा चीक. उतरताना घडाला घासली. जात नाही म्हणतात तो." त्यांनी भज्यांचा कागद पुढे केला. "आत साहेबांनी तेच विचारलं. डाग कसला म्हणे. मग काय लपवायचं? सांगितलं सगळं. गाडी बसली, मास्तर गाडी ढकलू राहिले, मी केळीच्या ट्रकनं आले. एक मॅडम होत्या, त्या म्हणाल्या, पंचवीस खेड्यांत फिरावं लागेल, वाहन मिळत नाही, कसं कराल? मी म्हटलं, आज कशी आले?"

"मग?"

"मग काही नाही. त्या हसल्या आणि त्यांनी काहीतरी लिहिलं."

सरांनी एक भजं उचललं आणि ते हातातच धरलं. मग हळूच म्हणाले, "ट्रकमध्ये भीती नाही वाटली? त्याची टायर तू पाहिली नाहीस."

"सत्तरनं चालवत होता तो. बेबाबाई झोपल्या होत्या. मला तर बरं वाटलं." लताबाईंनी हात पुसले. "भीती सकाळी वाटत होती. तुम्ही तीसनं चालवू राहिले होते तेव्हा. म्हटलं, आपण पोचत नाही बहुतेक."

सरांनी मान खाली घातली. चौदा ठिगळांची हकीकत त्यांनी तिथेच सांगून टाकली, चिंधाच्या प्रश्नासकट. लताबाई आधी गंभीरपणे ऐकत होत्या. मग त्यांनी पदर तोंडाला लावला, आणि त्या इतक्या हसल्या की समोरच्या बाकावरचे पहारेकरी उठून बघायला आले. लग्नाला बारा वर्षं झाली होती. त्यांना इतकं हसताना सरांनी पूर्वी पाहिलं नव्हतं.

महिन्याभराने ऑर्डर आली. नेमणूक नरडाण्याची. सकाळच्या पॅसेंजरने धरणगावहून नरडाणा, आणि तिथून खेड्यांमध्ये फिरायला स्वतःचं वाहन. लताबाई म्हणाल्या, एक मोपेड घेऊ, स्टेशनाशी ठेवता येईल. सर म्हणाले, घाई नको, दोन-तीन कंपन्यांच्या बघू. एका रविवारी दोघं धुळ्याला दुकानात गेले.

दुकानात चार मोपेड ओळीने उभ्या होत्या. सर पहिलीच्या मागच्या चाकाशी उकिडवे बसले. नक्षी बारीक होती पण खाचा उथळ वाटत होत्या. त्यांनी नखाने रबर दाबून पाहिलं. मग पुढे सरकून ते दुसरीच्या चाकाशी बसले, आणि दुकानदाराला उद्देशून, मागे न बघता त्यांनी विचारलं, "आत ट्यूब कशी असते हो यांच्या?"

उत्तर आलं नाही. सरांनी वळून पाहिलं. दुकानदार बाहेर रस्त्यावर होता, आणि लताबाई एका निळ्या मोपेडवर बसून आवारात तिसरा फेरा मारत होत्या. शाळकरी वयात त्या सायकल चालवायच्या. तोल गेलेला नव्हता. साडीचा पदर त्यांनी कमरेला खोचला होता. फेरा पुरा करून त्यांनी गाडी सरांपुढे आणून थांबवली. पैसे देऊन झाले होते, कागद पिशवीत गेले होते.

"अगं, पण टायर पाहिली का?" सर म्हणाले.

"गोल आहेत," लताबाई म्हणाल्या. "बसा मागे. अंधाराच्या आत नरडाण्याला पोचायचंय."

सरांनी इकडेतिकडे पाहिलं. मग पँट वर ओढून ते कॅरिअरच्या सीटवर बसले आणि धरायला काही सापडेना म्हणून त्यांनी पिशवी छातीशी घट्ट धरली. मोपेड आग्रा रोडला लागली. पहिल्याच मोठ्या वळणावर सरांनी सवयीने खाली, चाकाकडे, वाकून बघितलं.

"सरळ बसा," लताबाई पुढे बघतच म्हणाल्या, "तोल जातोय माझा."

सर सरळ बसले.